घरात राहून आनापान आणि मैत्रीचा सराव: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

ज्यांच्यावर आपला सगळ्यात जास्त जीव असतो, त्यांच्याच वाट्याला आपलं सगळ्यात कमी लक्ष येतं. ऑफिसात साहेबांचं बोलणं आपण कान देऊन ऐकतो, दारात आलेल्या पाहुण्याशी नीट बोलतो. आई मात्र गावाहून फोनवर गुडघ्याचं दुखणं सांगत असते तेव्हा आपण मेसेज वाचत नुसतं "हं, हं" करत असतो. आईवर माया नसते असं नाही. आपलं डोकं तिथे नसतं. ते उद्याच्या हप्त्यात, कालच्या भांडणात, मुलाच्या परीक्षेत कुठेतरी फिरत असतं.

म्हणून नीट प्रेम करायला शिकायचं असेल तर आधी लक्ष द्यायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. बौद्ध परंपरेत या दोन्हींसाठी दोन जुने, तपशिलात घडवलेले सराव आहेत. एक आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणं. दुसरा मेत्ता, म्हणजे मैत्रीची भावना वाढवणं. पहिल्याने मन आत्ताच्या क्षणी थांबायला शिकतं आणि दुसऱ्याने त्या थांबलेल्या मनाचा रोख माणसांकडे वळतो. दोन्ही करायला कोणता धर्म सोडावा लागत नाही, घेऊन बसावा लागत नाही. ज्यांनी आजवर कधीच ध्यान केलेलं नाही आणि ज्यांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, आजारी वडील आणि अभ्यास न करणारी मुलं आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हे आपल्यापर्यंत आलं कुठून

महाराष्ट्रात आज आनापान म्हटलं की बहुतेकांना इगतपुरी आठवते. त्याची साखळी ब्रह्मदेशात जाते. सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे तिथले महालेखापाल होते. संसारी, नोकरदार गृहस्थ. आपल्या कार्यालयातल्या लोकांनाही ते ध्यान शिकवत. मंडालेमध्ये १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे व्यापारी घराण्यातले. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ साली ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि मग चौदा वर्षं शिकत राहिले. १९६९ साली गोयंका भारतात आले आणि मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात १९७६ पासून शिबिरं सुरू झाली. मला या इतिहासात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्यांच्यामुळे ही पद्धत आपल्या दारात आली ती दोन्ही माणसं हिशेबाच्या वह्या आणि कुटुंब सांभाळणारी होती. "आम्हाला संसार आहे, आम्हाला कसं जमणार?" या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मैत्रीच्या सरावाचा तपशील मात्र मी मुख्यतः 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथातून घेतला आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी तो सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, अनुराधपुरात लिहिला. त्याचं संपादन करणाऱ्यांत आपले धर्मानंद कोसंबी होते. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळला जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला आणि सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकला. माणसाचं मन प्रेमाच्या नावाखाली काय काय करतं, याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे मला क्वचितच दिसली.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

दहा मिनिटं पुरेत. सकाळी घर उठायच्या आधी किंवा रात्री भांडी आवरल्यावर, जी वेळ रोज जमेल ती. जमिनीवर मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय टेकवून, पाठ सरळ. उशी, चटई, घोंगडी, जे घरात असेल ते. उदबत्ती लागत नाही, संगीत तर अजिबात नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर लावायचा असेल तर साधं घड्याळ वापरा. पोट भरल्या भरल्या बसू नका, झोप येते.

एवढंच. जागेची तयारी करण्यात लोक महिना घालवतात आणि बसायचं राहून जातं.

दुसरी पायरी: श्वास जसा आहे तसा

डोळे मिटा. तोंड बंद, श्वास नाकाने. आता नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठाच्या वरची जागा, एवढ्याच भागात लक्ष ठेवा. श्वास आत येतोय, कळतंय. बाहेर जातोय, कळतंय. उजव्या नाकपुडीतून येतोय की डावीतून, की दोन्हींतून? आत येताना जरा गार लागतो, बाहेर जाताना जरा कोमट, असं जाणवतंय का? जाणवलं तर ठीक, नाही जाणवलं तरी ठीक.

इथे नव्या माणसाची हमखास गल्लत होते. आपल्याकडे प्राणायाम घरोघरी माहीत आहे, त्यामुळे बसल्याबरोबर लोक दीर्घ श्वास घ्यायला लागतात. प्राणायाम चांगलाच आहे, तो वेगळ्या वेळी करा. आनापानात श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, लयीत बसवायचा नाही. तो उथळ असेल तर उथळ. जे आहे ते बदलायचा प्रयत्न न करता पाहता येणं, हीच सवय पुढे माणसांच्या बाबतीत उपयोगी पडणार आहे. श्वास इतका बारीक झाला की सापडेचना, तर दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घ्या आणि मग पुन्हा सोडून द्या.

एक मिनिटही होणार नाही, मन निघून जाईल. दुधाचे पैसे, नणंदेचं बोलणं, दहा वर्षांपूर्वीचा अपमान. गेलं हे लक्षात येईल तेव्हा परत श्वासावर या. रांगतं मूल उंबऱ्याकडे निघालं की आपण त्याला उचलून परत आणतो, शंभरदा आणतो, तितक्याच मायेने मनाला आणायचं. मन पळालं म्हणून बैठक वाया गेली असं समजू नका. पळालेलं मन ओळखून परत आणणं हाच सराव आहे. दहा मिनिटांत पंधरा वेळा परत आणलंत, तर पंधरा वेळा सराव झाला.

विसुद्धिमग्गात सुरुवातीला श्वास मोजायची सूट दिली आहे: पाचापेक्षा कमी नाही, दहापेक्षा जास्त नाही, मग पुन्हा एकपासून. गोयंकाजींच्या पद्धतीत मोजणं नाही, नामस्मरण नाही, कोणतंही चित्र डोळ्यांपुढे आणणं नाही, नुसता श्वास. दोन्ही रस्ते जुने आहेत. एक निवडा आणि निदान दोन-तीन महिने तोच धरा. रोज नवी पद्धत करून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

अडचणी ठरलेल्या असतात. झोप येत असेल तर डोळे उघडून थोडं चाला, तोंडावर पाणी मारा, पुन्हा बसा. पाय दुखले तर हळूच बदला. बेचैनी वाटली तर ती वाटते आहे एवढं मान्य करा आणि श्वासाकडे या. प्रकाश दिसला, रंग दिसले, शरीर हलकं झाल्यासारखं वाटलं, तर त्यात गुंतू नका. त्याची वाट बघत बसाल तर आत्ताचा श्वास हुकेल.

तिसरी पायरी: बैठकीवरून उठल्यावर

सकाळी दहा मिनिटं शांत बसून दिवसभर माणसांवर खेकसणारे लोक मी पाहिले आहेत. बैठक संपली की खरी परीक्षा सुरू होते, तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासूनच सराव घरात आणा.

रोजचं एक काम निवडा. पोळ्या लाटणं, झाडांना पाणी घालणं, गाडी चालू करून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाणं, काहीही. ते काम चालू असताना फक्त तेच करायचं. हाताला कणीक लागते, तव्याची धग लागते, ती कळू द्यायची. मन गेलं की परत.

मग एक माणूस निवडा. घरातलाच. दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं, तो माणूस बोलेल तेव्हा तुम्ही फक्त ऐकायचं. फोन हातात नाही, समोर नाही, खिशातही नाही. ऐकताना तुमच्या आत काय होतं याकडे जरा लक्ष ठेवा. समोरचं वाक्य संपायच्या आधी उत्तर तयार झालेलं असतं. सल्ला ओठांवर आलेला असतो. "हे मला माहीत आहे" असं म्हणून मन उठून चाललेलं असतं. ही घाई उठताना दिसली की एक श्वास पूर्ण आत येऊ द्या, पूर्ण बाहेर जाऊ द्या, आणि मग बोला. एवढ्या एका श्वासात कितीतरी टोमणे गळून पडतात.

म्हाताऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत हा सराव सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाचा आहे. ते तीच गोष्ट पुन्हा सांगतात. गिरणीतला संप, पानशेतचा पूर, पहिल्या पगारात घेतलेली सायकल. आपल्याला शेवट पाठ असतो. अशा वेळी आजवर न विचारलेला एक तपशील विचारा. "बाबा, तेव्हा तुम्ही राहायला कुठे होतात? स्वयंपाक कोण करायचं?" गोष्ट ऐकलेली असते, पण आज ती सांगणारा माणूस, त्याचा आज जरा थकलेला आवाज, मधेच कुठे थांबतो, कुठे डोळे भरतात, हे पूर्वी पाहिलेलं नसतं. प्रश्न खरा असला पाहिजे मात्र. पद्धत म्हणून विचारलेला प्रश्न म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतो.

मुलांशी याच्या उलट. त्यांना प्रश्न कमी विचारा. शाळेतून आलेल्या मुलाला "डबा खाल्लास? पेपर कसा गेला? किती मिळतील?" एवढी सरबत्ती पुरे झाली, शेजारी बसा आणि त्याचं तो बोलेपर्यंत थांबा.

चौथी पायरी: जिभेवर लगाम

परंपरेत ध्यानाच्या आधी पंचशील सांगितलं आहे: हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं बोलणं नाही, नशा नाही. यांतल्या चार गोष्टी आपण पाळतोच असं बहुतेकांना वाटतं. बोलण्याचं तसं नाही. खोट्याबरोबर चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड हीही वाणीचीच अकुशल कर्मं मानली आहेत. एक आठवडा फक्त एवढं करून पाहा: जो माणूस समोर हजर नाही त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. जावेबद्दल नाही, शेजाऱ्याबद्दल नाही. संध्याकाळच्या गप्पा किती रिकाम्या होतात ते पाहून धक्का बसेल, पण मैत्रीच्या सरावासाठी जमीन अशीच तयार होते.

पाचवी पायरी: मैत्री, आणि तिच्याशेजारी बसलेला शत्रू

मेत्ताच्या उपदेशामागे एक कथा सांगतात. काही भिक्षू ध्यानासाठी रानात राहिले. तिथल्या वृक्षदेवतांनी त्यांना घाबरवून सोडलं. ते पळून बुद्धांकडे आले, दुसरी जागा मागू लागले. बुद्धांनी त्यांना मैत्रीची भावना शिकवली आणि त्याच रानात परत पाठवलं. ज्याची भीती वाटते त्याच्यासह राहण्याचा उपाय म्हणून मैत्री दिली गेली, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. घरातली बरीच भांडणं मुळात भीतीचीच असतात: तो मला सोडून जाईल, मुलगी ऐकणार नाही, लोक काय म्हणतील.

सराव असा. आनापान करून मन जरा स्थिर झालं की शेवटची पाच मिनिटं मैत्रीसाठी ठेवा. विसुद्धिमग्गात क्रम ठरलेला आहे. आधी स्वतः. मग ज्यांच्याविषयी आदर आहे असं कुणी, गुरू किंवा गुरूसारखे. मग जिवलग. मग ज्याच्याबद्दल आवड नाही, नावडही नाही असा माणूस. रोज दिसणारा वॉचमन, कंडक्टर, दुकानदार. आणि सगळ्यात शेवटी ज्याच्याशी वैर आहे तो.

शब्द साधे ठेवा. "मी सुखी असो. माझ्या मनात वैर न राहो. मी निर्भय असो." मग त्याच इच्छा दुसऱ्यासाठी: "तुम्ही सुखी असा, तुमच्या मनात वैर न राहो." गोयंकाजींच्या शिबिरांत हिंदीत "सबका मंगल होय" म्हणतात. पसायदान लहानपणापासून म्हणत आलेल्या घरात जिवांच्या मैत्रीचं मागणं नव्याने शिकवावं लागत नाही. मैत्रीची ही वाक्यं सावकाश, एकेका माणसाला डोळ्यांपुढे ठेवून म्हणा. शब्द घोकायचे नाहीत. एक वाक्य, मग थोडं थांबणं, छातीत काही ऊब उतरते का ते पाहणं, मग पुढचं. काही वाटलं नाही तर ओढूनताणून आणू नका. इच्छा खरी असली की पुरे, भावना आपल्या वेळेने येते.

स्वतःपासून सुरुवात करणं आपल्याकडे, विशेषतः बायकांना, जड जातं. आयुष्यभर सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईला "मी सुखी असो" म्हणताना संकोच वाटतो, कधी रडू येतं. येऊ द्या. ग्रंथात त्याचं कारण सरळ दिलं आहे: मला जसं सुख हवं आणि दुःख नको, तसंच दुसऱ्यालाही, हे कळावं म्हणून स्वतःला साक्षी ठेवायचं. फारच अवघड वाटलं तर ज्यांनी तुमच्यावर निरपेक्ष माया केली अशा कुणापासून, आजी-आजोबांसारख्यांपासून, सुरुवात करा आणि मग स्वतःकडे या. फक्त ती व्यक्ती हयात असावी. दिवंगत माणूस या सरावाला घेऊ नये, असं ग्रंथ स्पष्ट सांगतो. गेलेल्यांची आठवण काढण्याला दुसरी वेळ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विसुद्धिमग्गात मैत्रीचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू द्वेष. तो लांबूनच दिसतो. जवळचा शत्रू म्हणजे आसक्ती, हवेपणाची ओढ. तो मैत्रीच्याच वेशात येतो, कारण दोघांनाही माणसातलं चांगलंच दिसतं. यावर तिथे एक गोष्ट आहे. एका अमात्यपुत्राने, म्हणजे मंत्र्याच्या मुलाने, स्थविरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंना विचारलं, मैत्री कुणाविषयी करावी? "प्रिय व्यक्तीविषयी," ते म्हणाले. त्याला आपली बायको प्रिय. तो एका खोलीत बसला आणि तिच्याविषयी मैत्री भावत राहिला, आणि रात्रभर भिंतीला धडका देत राहिला. मैत्री करायला बसला होता, पण उठला होता तो तिला मिळवण्याचा ध्यास. म्हणून नवख्याने सुरुवातीला जोडीदाराला या सरावात घेऊ नये. आदरणीय माणूस आधी, जोडीदार नंतर.

हा जवळचा शत्रू घराघरात राहतो. मुलाने फोन उचलला नाही की जीव कासावीस होतो आणि तासाभराने उचलल्यावर आपण त्याला फाडून खातो. त्याला आपण काळजी म्हणतो. मुलीने आपल्या पसंतीच्या कॉलेजात नाव घातलं नाही म्हणून दोन दिवस अबोला धरतो. त्यालाही माया म्हणतो. ओळखायचं कसं? समोरचा माणूस आपल्या मनासारखा वागला नाही तर त्या प्रेमाचं काय होतं ते पाहा. मैत्री असेल तर तिचा रोख त्याच्या सुखाकडेच राहतो. आसक्ती असेल तर क्षणात राग, नाहीतर रुसवा. ही परीक्षा दिवसातून दोनदा तरी घेता येते. आसक्ती दिसली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. आई-बापांना ती असणारच. ती उठताना दिसली, एक श्वास थांबता आलं, आणि "अरे, कुठे होतास? मला काळजी वाटत होती" एवढंच बोलता आलं, की त्या संध्याकाळपुरतं काम झालं.

मैत्रीबरोबर करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा आणखी तीन भावना सांगितल्या आहेत. त्यांच्याविषयी थोडक्यात. घरात कुणी आजारी असेल तर त्याच्याबरोबर आपणही शोकात बुडणं ही करुणा नव्हे. दवाखान्यात रात्र काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, त्याचं जेवण आणि झोप हाही सेवेचाच भाग आहे. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्यात आनंद. मेव्हण्याने फ्लॅट घेतला की पोटात जे होतं ते बघून घ्या आणि पेढे मनापासून खा. उपेक्षा म्हणजे तोंड फिरवणं नाही, समतोल. ती या चौघींत सगळ्यात शेवटी येते आणि नव्या माणसाने तिच्या मागे लागू नये.

सहावी पायरी: ज्याच्याशी पटत नाही तो माणूस

पहिले काही महिने त्याला हातच लावू नका. मग आधी लहानसं वैर घ्या, पार्किंगवरून भांडलेला शेजारी वगैरे. वडिलोपार्जित जमिनीवरून कोर्टात गेलेला भाऊ नको.

मैत्री भावताना राग उसळला तर ग्रंथात एकामागून एक उपाय दिले आहेत. पुन्हा जिवलगाकडे जा, मन मऊ करून मग वैऱ्याकडे या. त्या माणसाचं एक तरी चांगलं वागणं शोधा. बोलणं वाईट असेल पण वडिलांची सेवा केली असेल, तर तेवढंच डोळ्यांपुढे ठेवा. आपण रागावलोय ते नक्की कशावर, केसांवर, नखांवर, हाडांवर, असं एकेक अंग सुटं करून पाहा. आणि काहीच जमलं नाही तर त्या माणसाला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काही घ्या. हा शेवटचा उपाय मला फार आपल्याकडचा वाटतो. संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्या दारात जायला कुणी अडवलेलं नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. मारहाण करणाऱ्या, धमकावणाऱ्या माणसाच्या घरात मुकाट राहणं याला मैत्री म्हणत नाहीत. आधी सुरक्षित व्हा. बायकांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मैत्रीचा सराव लांबून, सुरक्षित जागेवरून, कितीही वर्षांनी करता येतो, आणि तो करायलाच हवा असंही नाही.

सातवी पायरी: दहा दिवसांचं शिबिर

घरचा सराव काही महिने टिकला की शिबिराला जाण्याचा विचार करा. आनापान घरी सुरू करता येतं. विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना समतोल मनाने पाहण्याचा पुढचा सराव, मात्र लेख वाचून करू नये, ती शिबिरातच शिकावी. धम्मगिरी इगतपुरी रेल्वे स्टेशनपासून जवळ आहे. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर भागांतही केंद्रं आहेत, मुंबईत गोराईच्या पॅगोडाजवळ आहे. फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो आणि दान शिबिर पूर्ण केल्यावर, द्यावंसं वाटलं तरच. अर्ज ऑनलाइन करायचा, होकार आल्याशिवाय निघायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जागा लवकर भरतात.

दिवस पहाटे चारला घंटेने सुरू होतो, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. पहिले साडेतीन दिवस आनापानच, चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे मेत्ताचाच सराव. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन: बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, डोळ्याला डोळा देणंही टाळायचं. आचार्यांना आणि व्यवस्थापकांना गरजेपुरतं विचारता येतं. फोन, पुस्तकं, वही-पेन जमा करावं लागतं. पुरुष-स्त्रिया वेगळे राहतात, नवरा-बायको एकत्र गेले तरी. जेवण शाकाहारी, नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि हलकं काही, रात्रीचं जेवण नाही. चौथ्या दिवसानंतर रोज तीनदा तासभर शक्यतो न हलता बसायला सांगतात. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं, असं तिथे आधीच सांगून ठेवतात. दहा दिवस पूर्ण राहायची तयारी असेल तरच जा.

सैल सुती कपडे, अंथरूण-पांघरुणाच्या चादरी, साबण वगैरे बिनवासाच्या वस्तू, रोजची औषधं बरोबर घ्या. इगतपुरीचा पाऊस मुंबईच्या पावसाला मागे टाकतो. जून ते सप्टेंबर जात असाल तर छत्री आणि वाळतील असे कपडे हवेतच. थंडीत पहाटे शाल लागते. घरच्यांना आधीच सांगा की फोन लागणार नाही, आणि तातडीचा निरोप द्यायला केंद्राचा क्रमांक त्यांच्याकडे ठेवा.

तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी, किंवा नुकताच मोठा आघात सोसलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिबिराला जाऊ नये. अर्जात हे प्रश्न असतात, त्यांची खरी उत्तरं द्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरी बसतानाही भीती, झोप उडणं, नको नको ते विचार वाढत गेले तर सराव थांबवा आणि मदत घ्या. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मोडलेला सराव आणि घरातली माणसं

सराव मोडतो. गणपती येतात, लग्नसराई येते, कुणीतरी दवाखान्यात असतं. मोडला की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू करा. बुडालेले दिवस भरून काढायला तासभर बसू नका, दुसऱ्या दिवशी अंगावर येतं. शिबिर केलेल्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. तो जमेल त्याने जरूर करावा. ज्याला जमत नाही त्याने सकाळचा अर्धा तास सोडू नये.

घरच्यांना यात ओढू नका. "मी ध्यानाला बसलेय, आवाज करू नका" असं ओरडून सांगावं लागत असेल तर वेळ बदला, घर बदलू नका. नवऱ्याला, सुनेला, सासूबाईंना बसायचा आग्रह नको. तुमच्या बोलण्यातला फरक त्यांना दिसला तर ते विचारतील, नाही विचारलं तरी चालेल. मुलांनी मात्र कुतूहलाने विचारलं तर त्यांना पाच मिनिटं शेजारी बसवा, डोळे मिटून श्वास कुठे लागतो एवढंच विचारा. बऱ्याच केंद्रांवर लहान मुलांसाठी आनापानाची एका दिवसाची शिबिरं होतात, तीही विनामूल्य. डबा केंद्रावरच मिळतो की न्यायचा आणि पालकांनी थांबायचं की नाही, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्या.